दहा इंच सरकायचं होतं

मी एक हिच आहे. पिकअप गाडीच्या हौद्यात मधोमध बसवलेला लोखंडी जबडा, तो मी. ज्यांचं घरच चाकांवर असतं, त्यांच्या घर-ट्रेलरच्या नाकाखाली मनगटाएवढा जाड खुंटा असतो. तो माझ्या जबड्यात अडकला की पिकअप पुढे आणि घर मागे. असल्या ट्रेलरला इकडे 'पाचवं चाक' म्हणतात. एवढं कळलं म्हणजे पुढचं सगळं कळेल. गोष्ट माझ्या पराक्रमाची नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. तोंडावर काळी काच ओढलेल्या एका बाईने मला सांधलं. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. मग काळा रंग चढवला, भट्टीत भाजला आणि खोक्यात घालून मला थेट वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात धाडलं. डोंगर, पाइनची झाडं आणि दरीतून चेरीच्या बागा, असा तो मुलुख. तिथे कुर्ट नावाच्या माणसाचं ट्रेलरच्या सामानाचं दुकान होतं. आम्ही तिघे हिच एका ओळीत मांडलेले होतो. मी मधला.

एका शनिवारी एल्डन ब्राटवेट आणि त्याची बायको नोरीन दुकानात आले. एल्डन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला. नोरीन त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबलेली. दोघांनी ट्रेलर घेतला होता आणि आता उरलेलं आयुष्य रस्त्यावर काढायचं ठरवलं होतं.

"गाडीचा हौदा किती लांब?" कुर्टने विचारलं.

"साडेपाच फूट."

कुर्टने डोकं खाजवलं. "आखूड आहे. सरळ रस्त्याला काही नाही, पण अवघड वळण घेतलंस की ट्रेलरचं नाक केबिनची मागची काच फोडून आत येईल. साधा, जागच्या जागी बसणारा हिच तुझ्या कामाचा नाही. सरकता घे."

ओळीतला पहिला गडी तिथेच बाद झाला. राहिलो आम्ही दोघे. माझा शेजारी वळण आलं की आपोआप मागे सरकणारा, पण वजनाने असा की काढायला दोन माणसं लागावीत. मी दांडी ओढल्यावर दहा इंच मागे सरकणारा. चार खिळी काढल्या की मी सुटा होतो, माझे दोन तुकडे होतात आणि एकटा माणूसही मला उतरवून ठेवू शकतो.

"आपोआपवाला घेऊ या," नोरीन म्हणाली. "वळणाच्या आधी खाली उतरायचं, हौद्यात चढायचं, दांडी ओढायची. एक दिवस विसरशील."

"चाळीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्या. एक बोल्ट विसरलो नाही कधी."

"आणि माझा वाढदिवस?"

कुर्ट खो खो हसला. एल्डनही हसला, पण ऐकलं नाही. "मला हौद्यात लाकडं आणायची असतात, शेणखत आणायचं असतं. दर वेळी हा काढावा लागणार. मला एकट्याला निघणारा हवा." त्याने माझी दांडी धरून ओढली. मी लोण्यासारखा मागे सरकलो. "बघ! याला काय विसरायचं?"

असा मी निवडला गेलो. निवड चुकीची होती का? आजही मला सांगता येत नाही. एल्डनच्या हातांसाठी मी अगदी बरोबर होतो. पण त्या दिवशी दांडी नोरीनने ओढून पाहिली नाही. तिला कुणी ओढ म्हटलंच नाही.

पहिली पाच वर्षं सुखाची. हिवाळ्यात ॲरिझोनाचं वाळवंट, उन्हाळ्यात समुद्रकाठ. तळावर गाडी थांबली की आजूबाजूचे पुरुष खुर्च्या सोडून यायचे आणि बाळ बघायला आल्यासारखे मला बघायचे. कुणी पाठीवर थाप मारायचं, कुणी विचारलं नसताना सल्ला द्यायचं. ट्रेलर मागे घेताना नोरीन पाठीमागे उभी राहून हातवारे करायची.

"उजवीकडे! अरे, माझ्या उजवीकडे!"

"तुझं उजवं रोज बदलतं!"

पण मला हात फक्त एल्डन लावायचा. नोरीन हौद्यात चढू लागली की म्हणायचा, "राहू दे. हात काळे होतील." दर महिन्याला तो मला ग्रीस लावायचा आणि फडक्याने पुसायचा. माझ्या दोन दांड्यांपैकी एक ओढली की मी सरकतो, दुसरी ओढली की जबडा उघडतो. कुठली काय करते ते त्याच्या हाताला पाठ होतं. आणखी कुणाला सांगायची गरज त्याला वाटली नाही.

मग त्याची फुप्फुसं गेली. आधी खोकला, मग दम, मग नाकाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला प्राणवायूचं यंत्र. फिरणं थांबलं. दरीच्या वरच्या अंगाला, जिथे एकच रस्ता जातो, तिथे त्यांनी ट्रेलर लावला आणि तेच कायमचं घर झालं.

मी हौद्यातच राहिलो. मला काढता येतं म्हणून तर घेतलं होतं, पण काढणार कोण? नोरीन माझ्यावरच लाकडं टाकून आणायची. दोन हिवाळे माझ्यावर बर्फ साचला, रस्त्यावरच्या मिठाचं पाणी सांध्यांत शिरलं. गंज बाहेरून दिसतो त्याच्या आधी आत लागलेला असतो. मला कळत होतं, पण बोलणार कसा?

एल्डन खिडकीतून माझ्याकडे बघायचा. "पुढच्या आठवड्यात ग्रीस लावतो त्याला."

"मला सांग कुठे लावायचं. मी लावते."

"तुला नाही जमायचं ते."

"तीनशे पोरांचं जेवण रोज जमायचं मला, आणि ग्रीस नाही जमणार?"

तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. माणूस वाईट नव्हता. आपल्या हातून गेलेलं काम दुसऱ्याच्या हातात बघवत नाही काहींना. माझ्यावर नजर पडली की त्याचा चेहरा उतरायचा, ते मी पाहिलंय.

आणि ऑगस्ट आला. तीन दिवस डोंगरामागे धूर होता. चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता आकाश विटकरी झालं आणि राख पडू लागली. पोलिसाची गाडी भोंगा वाजवत आली.

"निघा! आत्ता! काही घेऊ नका."

"यांचं प्राणवायूचं यंत्र ट्रेलरमध्ये आहे," नोरीन ओरडली. "ते ट्रेलरच्या जनरेटरवर चालतं. सुटा सिलिंडर एकच उरलाय, तोही अर्धा."

"बाई, ट्रेलर सोडा!" एवढं बोलून तो पुढच्या घराकडे गेला.

तिने सोडला नाही. खरं सांगायचं तर कारण नुसतं यंत्र नव्हतं. ते तिचं घर होतं. एल्डनला तिने केबिनमध्ये बसवलं, अर्धा सिलिंडर त्याच्या पायाशी ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पिकअप मागे घेऊन खुंटा माझ्या जबड्यात आणायला लागली. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदा हुकलं. तिसऱ्यांदा खट्ट झालं. जबडा मिटला तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं, चला, अजून उपयोगाचा आहे मी.

रस्ता ओढ्याच्या कडेने उतरत होता. आम्ही सर्वांत पुढे, आमच्यामागे वरच्या घरांतल्या सहा गाड्या, एकीला एक चिकटून. दोन मैलांवर रस्ताच संपला. जळतं पाइन आडवं पडलं होतं आणि त्याच्या पलीकडे नुसता जाळ. आमच्या पाठीमागे डोंगराचा माथाही पेटला होता.

डाव्या हाताला चेरीच्या बागेचं फाटक होतं. बागेची मुकादम डेल्फिना ओचोआ तोंडाला ओला रुमाल बांधून ते उघडत होती.

"इकडून!" ती हात हलवत ओरडली. "बागेतून नदीच्या पुलावर निघता येतं! चला, लवकर!"

नोरीनने स्टिअरिंगचं चाक पुरतं डावीकडे फिरवलं. फाटकाला दोन्ही बाजूंनी दगडी खांब, पुढे बांध. वळण काटकोनाचं. पिकअप आत शिरली, ट्रेलर मात्र अजून रस्त्यावर. त्याचं नाक केबिनकडे सरकू लागलं.

"थांब!" एल्डनने डॅशबोर्डवर हात आपटला.

काच आणि ट्रेलर यांच्यात चार बोटं उरली होती. आणखी वीतभर पुढे गेलो असतो तर तो कोपरा काच फोडून एल्डनच्या मानेवर आला असता. मागे जावं तर लगेच मागची व्हॅन टेकलेली, व्हॅनमागे पाच गाड्या. आम्ही फाटकात बूच बसावं तसे बसलो होतो. आमच्यामुळे कुणालाच वाट नव्हती.

उपाय एकच होता. मी दहा इंच सरकायला हवं होतं.

नोरीन उडी मारून हौद्यात आली. माझ्यापुढे गुडघे टेकले आणि दोन दांड्यांकडे बघत राहिली. कुठली ओढायची? चुकीची ओढली तर जबडा उघडणार, आणि गाडी पुढे घेताच खुंटा निसटला की ट्रेलर कायमचा फाटकात. ती मागच्या काचेकडे वळली. आत एल्डन ओरडत होता, पण त्याचा आवाज कसला! आगीचा घोंगाट आगगाडीसारखा होता. त्याने काचेवर बोट टेकवून दांडी दाखवली: तिच्या डाव्या हाताची. मग दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून सरकवून दाखवले.

तिने डावी धरली आणि ओढली. मी हललो नाही.

पाय रोवून, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून ओढली. मी हललो नाही. माझ्या आत दोन हिवाळ्यांचं मीठ बसलेलं होतं. ऐका, मला हलायचं होतं! तिच्या तळव्याची साल निघाली, दांडी ओली झाली, तरी मला हलता येईना. माझ्याइतका लाचार त्या दरीत दुसरा कुणी नसेल.

डेल्फिना बागेच्या पाण्याचा एक पाइप घेऊन वर चढली. तो दांडीवर चढवून दोघींनी मिळून जोर लावला. पाइप वाकला.

"तेल!" डेल्फिना म्हणाली. "तेल आहे का कसलं?"

नोरीन उतरली, ट्रेलरचं दार उघडून आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात तळणीच्या तेलाची बाटली आणि दुसऱ्या हातात चुलीशेजारची बेकनच्या चरबीची बरणी. उष्णतेने चरबी आपणच पातळ झाली होती.

व्हॅनमधल्या माणसाने हॉर्न दाबत खिडकीतून डोकं काढलं. "अहो बाई, आता स्वयंपाक करताय का?"

"तू हॉर्न वाजवून आग विझव तोवर!" डेल्फिनाने त्याला वरूनच झापलं. "नाहीतर उतर आणि त्या खांबावरचे निखारे झाड."

तो मुकाट्याने उतरला आणि आपलं जाकीट काढून निखारे झोडू लागला.

दोघींनी सगळं माझ्यावर ओतलं. माझ्या रुळांतून, खाचांतून तेल उतरलं. जिथे कितीतरी दिवस काही पोचलं नव्हतं, तिथे ओल पोचली. पण खुंटा तिरका ताणून बसलेला, आणि तो ताण गेल्याशिवाय खटका सुटणार नव्हता. हे फक्त एल्डनला माहीत होतं. गाडी बोटभर मागे घ्यायची, त्याच क्षणी दांडी ओढायची, मग गाडी पुढे. दांडीवर दोघी लागणार. मग गाडी कोण चालवणार?

मी काचेतून पाहिलं. एल्डनने नाकातली नळी काढली. ती स्टिअरिंगपर्यंत पोचत नव्हती. सिलिंडरही त्याच्याने उचलवत नव्हता. तो सीटवरून घसरत घसरत चालकाच्या जागेवर गेला.

"एल्डन, नको!" नोरीनने काचेवर मूठ मारली. "नळी लाव! मी येते, थांब!"

त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं. ट्रेलर लावताना ती करायची तशीच खूण: तयार राहा.

गाडी बोटभर मागे आली. ताण सैल झाला. "आता!" डेल्फिना किंचाळली, दोघी दांडीवर लोंबकळल्या, आणि माझ्या आत काहीतरी कडकन तुटल्यासारखं झालं. तो गंज होता. खटका सुटला. एल्डनने डॅशबोर्डखालच्या कळीने ट्रेलरचे ब्रेक दाबून धरले आणि पिकअप पुढे घेतली. मी सरकलो. एक इंच, तीन, सात, दहा. खाड्कन थांबलो. काचेमागे हातभर जागा झाली.

त्याने ब्रेक सोडले आणि वळण घेतलं. ट्रेलरची कड खांबाला घासली, पत्रा फाटला, पण आम्ही आत होतो. मागून व्हॅन आली. तिच्यामागे एक, दोन, तीन...

"आता थांब!" नोरीन काच बडवत होती. "एल्डन, थांब! नळी लाव! देवा, थांबव रे याला!"

तो थांबला नाही. चेरीच्या रांगांतून वाट एका गाडीपुरतीच होती. तो थांबला असता तर मागचे सहाही थांबले असते, आणि बागेच्या वरच्या रांगा पेटू लागल्या होत्या. नोरीनचे रक्ताळलेले हात काचेवर लाल ठसे उमटवत होते. डेल्फिनाने तिला कमरेला धरून ठेवलं होतं, नाहीतर तिने चालत्या गाडीतून उडी घेतली असती. मला एल्डनची मान दिसत होती. ती दर श्वासाला वर ओढली जायची. मग तिचं ओढलं जाणं उथळ झालं. मग मला दिसेनासं झालं.

पूल ओलांडला. पलीकडे मोकळं मैदान होतं. एल्डनने मागच्या गाड्यांना जागा राहील इतकं पुढे नेऊन गाडी कडेला घेतली, गियर नीट पार्कमध्ये टाकला आणि इंजिन बंद केलं. मग त्याचं डोकं चाकावर टेकलं.

नोरीनने दार उघडलं, नळी त्याच्या नाकाला लावली. "घे. घे ना. श्वास घे, हट्टी माणसा." रुग्णवाहिका येईपर्यंत ती तेच म्हणत होती.

तो अकरा दिवस जगला. मी इस्पितळाच्या पार्किंगमध्ये होतो, म्हणून आतलं मला ठाऊक नाही. बाराव्या दिवशी सकाळी नोरीन बाहेर आली आणि हौद्याच्या कडेला टेकून उभी राहिली. डेल्फिना शेजारी येऊन उभी राहिली.

"पोलीस म्हणाला होता, ट्रेलर सोडा," नोरीन म्हणाली. "मी सोडला नाही. मी त्याला मारलं."

"सेन्योरा... बाई, असं नका बोलू."

"तो ट्रेलर नसता तर आम्ही झर्रकन वळलो असतो. सगळ्यांच्या पुढे."

खोटं सांत्वन डेल्फिनाला जमलं नाही. तिने फक्त नोरीनच्या हातावरची पट्टी सुटत होती, ती परत बांधली.

आता ऑक्टोबर चाललाय. त्या सहा गाड्यांतली सगळी माणसं जिवंत आहेत. वरच्या घरांपैकी मात्र एकही उरलं नाही. नोरीन बागेतल्या कामगारांच्या एका खोलीत राहते आणि सकाळी बागेतल्या माणसांसाठी रांधते. ट्रेलर तिने व्हॅनवाल्या माणसाला देऊन टाकला. त्याचं कुटुंब उघड्यावर आलं होतं. तो ओढायला त्याने घेतलेल्या पिकअपचा हौदाही आखूड आहे, म्हणून मीही त्याच्याकडे जाणार आहे.

गेल्या आठवड्यात तिने मला एकटीने काढलं. चार खिळी काढायला सबंध दिवस गेला. तिने मला शिव्या दिल्या, हातोडीने ठोकलं, मध्येच हौद्यात बसून रडली, पुन्हा उठली. माझे दोन तुकडे एकेक करून खाली उतरवले. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, ग्रीस भरलं आणि दोन्ही दांड्यांवर पांढऱ्या रंगाने लिहिलं: 'सरकतो' आणि 'सुटतो'.

माझी मागणी मोठी नाही. तुमच्याही घरात एखादी दांडी असेल, जी एकाच माणसाला ठाऊक आहे. औषध कुठे ठेवलंय, पाणी कुठून बंद होतं, असलं काहीही. ती आज दुसऱ्याच्या हातात द्या. त्याचे हात काळे होऊ देत. आणि शिकवायला कमीपणा वाटत असेल, तर तो कमीपणा मुकाट गिळा. इतकंच.

काल संध्याकाळी नोरीन शेडमध्ये आली. तळव्यावरच्या जखमा भरल्यात, पण साल अजून गुलाबी आहे. तो तळवा तिने माझ्या जबड्यावर ठेवला.

"पहिल्या झटक्याला हलला असतास," ती म्हणाली, "तर..."

मग खिशातून फडकं काढून तिने 'सरकतो' लिहिलेली दांडी पुसली, एल्डन पुसायचा तशी.